जिवंत सेल्सचं फ्लुरोसन्स इमेजिंग: डिश लावण्यापासून लेन्स पुसण्यापर्यंत

"मॅडम, सकाळी इनक्युबेटरमधनं काढल्या तेव्हा सेल्स एकदम मस्त होत्या, आता बघा ना, सगळ्या गोल झाल्यात." हे वाक्य आमच्या मायक्रोस्कोप रूममध्ये आठवड्यातनं एकदा तरी ऐकू येतंच. मग डायला (सेलमध्ये घालायच्या चमकणाऱ्या रंगाला) शिव्या, मायक्रोस्कोपला शिव्या. बहुतेक वेळा डायही बरा असतो नि मायक्रोस्कोपही, चुकलेला असतो तो क्रम. जे शेवटी करायचं ते आधी केलेलं असतं, आणि फिल्म सुरू व्हायच्या आधीच सेल्सनी मान टाकलेली असते.

उदाहरण एकच धरते म्हणजे घोळ नको: हीला सेल्स (लॅबमध्ये वाढवली जाणारी माणसाच्या कॅन्सर सेल्सची लाइन), मायटोट्रॅकर ग्रीन (मायटोकॉन्ड्रियात जाऊन हिरवा चमकणारा डाय), साधा इन्व्हर्टेड वाइडफील्ड मायक्रोस्कोप (लेन्स डिशच्या खाली, प्रकाश सगळ्या दृश्यावर एकदम), ६०x ऑइल लेन्स (काच आणि लेन्समध्ये तेलाचा थेंब लागणारी), आणि मायटोकॉन्ड्रियाची १० मिनिटांची फिल्म, दर ५ सेकंदाला एक फ्रेम. कॉन्फोकलवाल्यांचे (लेसरने एकेक पातळ थर टिपणाऱ्यांचे) आकडे वेगळे येतील, क्रम हाच.

१. आधी कागद-पेन

किती वेगाने हलणारी गोष्ट बघायचीय ते लिहा. मायटोकॉन्ड्रिया काही सेकंदांत जागा बदलतात, त्यांना ५ सेकंदांचं अंतर ठीक. सेल डिव्हिजन बघायचं असेल तर हीलाचं मायटोसिस साधारण तासभर चालतं, तिथे ३ ते ५ मिनिटांनी एक फ्रेम भरपूर झाली. "असू दे ना दर सेकंदाला, नंतर कामाला येईल" असं म्हणणारे नंतर मेलेल्या सेल्सची फार स्मूथ फिल्म घेऊन येतात.

मग रंग किती ते ठरवा. प्रत्येक रंग म्हणजे सेलवर आणखी एकदा प्रकाश. न्यूक्लियससाठी होएक्स्ट हा निळा डाय घालायची सगळ्यांना सवय, पण त्याला अल्ट्राव्हायोलेटच्या जवळचा प्रकाश लागतो आणि डाय तर थेट डीएनएला चिकटलेला, लांब फिल्मसाठी याहून वाईट जोडी नाही. न्यूक्लियस कुठे आहे एवढंच कळायला हवं असेल तर तो ब्राइटफील्डमध्येही, म्हणजे साध्या दिव्याच्या प्रकाशातही, दिसतो. अगदी हवाच असेल तर फिल्म संपल्यावर होएक्स्टची एक फ्रेम घ्या, दर वेळी नको. आणि फिक्स्ड (केमिकलने मारून जागच्या जागी पक्क्या केलेल्या) सेल्सचा डॅपी डाय उचलून जिवंत सेल्सवर घालू नका, तो जिवंत सेलमध्ये नीट शिरत नाही.

२. डिश आणि सेल्स (आदल्या दिवशी)

काचेच्या तळाची ३५ मिलिमीटरची डिश घ्या, काच नंबर १.५ म्हणजे ०.१७ मिलिमीटर जाडीची. तुमच्या लेन्सच्या अंगावर बारीक अक्षरात ०.१७ लिहिलेलं असतं, ते याच काचेसाठी. साध्या प्लॅस्टिक डिशचा तळ जवळपास एक मिलिमीटर असतो, आणि ऑइल लेन्स काचेपासून जेमतेम ०.१ ते ०.२ मिलिमीटरवर असताना फोकस होते, म्हणजे फोकस मिळायच्या आधीच लेन्स डिशला टेकते, मग पोरं नॉब फिरवत राहतात आणि डिश वर उचलली जाते. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, तेही एकदा नाही.

साधारण २ लाख सेल्स, २ मिली मीडियम (सेल्स वाढवायचं पोषक द्रावण), रात्रभर इनक्युबेटरमध्ये. दुसऱ्या दिवशी निम्म्याहून थोडी जास्त जागा भरलेली हवी. खचाखच भरलेल्या डिशमध्ये सेल्स एकमेकींवर चढतात, आणि फार विरळ डिशमध्ये हीला खूश नसतात. काचेवर त्या प्लॅस्टिकपेक्षा जरा उशिरा पसरतात, म्हणून सकाळी लावून दुपारी इमेजिंग हा बेत नको.

लाइन पुण्याच्या एनसीसीएसच्या (नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्सच्या) सेल रिपॉझिटरीतनं आणलेली असो की शेजारच्या लॅबमधनं मागून, तुमच्याकडे आल्यावर मायकोप्लाझ्माची (सेल्सना गुपचूप लागणाऱ्या अतिबारीक बॅक्टेरियाची) टेस्ट ही तुमची जबाबदारी.

तपासा: एका फालतू डिशमध्ये होएक्स्ट घालून बघा. न्यूक्लियसच्या बाहेर, सेलभर बारीक निळे ठिपके चमकत असतील तर मायकोप्लाझ्माचा संशय घ्या आणि इथेच थांबा. आजारी सेल्सची फिल्म काढून काय करणार.

३. मीडियम

नेहमीच्या डीएमईएम मीडियममध्ये फिनॉल रेड (पीएचप्रमाणे रंग बदलणारा पदार्थ) असतं, त्याने बॅकग्राउंड वाढतं, आणि रायबोफ्लेविन (बी-२ व्हिटॅमिन) असतं, ते हिरव्यात स्वतःच चमकतं. म्हणजे तुम्ही हिरवा मायटोट्रॅकर शोधताय आणि सगळी डिशच हिरवट. इमेजिंगसाठी फिनॉल रेड नसलेलं मीडियम घ्या, फ्लोरोब्राइट (खास इमेजिंगसाठीचं कमी चमकणारं मीडियम) परवडत असेल तर तेच. सीरम नेहमीसारखं चालेल.

सीओटूचा (कार्बन डायऑक्साइडचा) पुरवठा नसलेल्या मायक्रोस्कोपवर काम असेल तर पीएच धरून ठेवायला १० ते २५ मिलिमोलर हेपेस हा बफर लागेल, नाहीतर बायकार्बोनेटवालं मीडियम बाहेर काढल्यावर काही मिनिटांतच अल्कलाइन व्हायला लागतं. फक्त हेपेस आणि रायबोफ्लेविन दोन्ही असलेलं मीडियम उजेडात राहिलं की त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतो, म्हणून बाटली फॉइलमध्ये गुंडाळून ठेवा, हूडच्या ट्यूबलाइटखाली तासन्‌तास उघडी नको.

आता गंमत अशी की फिनॉल रेड काढलं की पीएच बिघडलेला डोळ्यांना दिसतच नाही, रंगच नाही तर बदलणार काय. त्यावर आमचा जुगाड: चेंबरमध्ये तुमच्या डिशशेजारी लाल मीडियमची एक डमी डिश ठेवायची, सेल्स नसलेली. ती जांभळट गुलाबी व्हायला लागली की समजा सीओटू पोचत नाहीये, मग सिलिंडर संपलाय, नळी निघालीय की झाकण नीट बसलं नाहीये ते बघा.

४. मायक्रोस्कोप गरम करा, डाय घालायच्या आधी

इथे सगळ्यात जास्त लोक उलटं करतात. डाय घालतात, अर्धा तास मोजतात, मग मायक्रोस्कोप रूमला येऊन हीटर चालू करतात. मग सेल्स थंड स्टेजवर बसून राहतात आणि धातू गरम होत असताना प्रसरण पावतो, त्यामुळे फोकस सतत सरकतो. स्टेजवरचा छोटा इनक्युबेटर असेल तर किमान एक तास आधी चालू करा, अख्ख्या मायक्रोस्कोपभोवतीचा मोठा पेटीवाला असेल तर आदल्या संध्याकाळीच.

डिस्प्लेवर ३७ दिसतंय म्हणजे डिशमध्ये ३७ आहे असं नाही. तो आकडा हीटरचा किंवा हवेचा. ऑइल लेन्स तेलातून काचेला चिकटलेली असते आणि ती लेन्स म्हणजे पितळेचा जाडजूड गोळा, तुम्ही बघताय नेमकी तीच जागा ती थंड करते. आमच्याकडे एक फिल्म महिनाभर जमत नव्हती, मायटोकॉन्ड्रिया सुस्त, काही हलेचना, शेवटी डमी डिशमध्ये २ मिली पाणी घालून, खाली तेल लावून लेन्स टेकवून, पाण्यात बारीक थर्मोकपल (तापमान मोजायची तार) सोडला तर ३३. डिस्प्ले मात्र ऐटीत ३७ दाखवतोय. लेन्सला हीटर कॉलर लावली तेव्हा सुटलं. कॉलर नसेल तर स्टेजचं सेटिंग थोडं वाढवून डिशमधलं पाणी ३७ ला आणा, आणि तो सेट पॉइंट कागदावर लिहून मायक्रोस्कोपवर चिकटवून टाका.

एसीचा झोत थेट स्टेजवर येत असेल तर वळवा किंवा पुठ्ठा लावा. एसीचा कॉम्प्रेसर बंद-चालू होतो तसा फोकस वरखाली होतो, फिल्म बघताना चित्र श्वास घेतल्यासारखं वाटतं.

सावधान: मर्क्युरी लॅम्प असेल तर वीज गेल्यावर किंवा बंद केल्यावर गरम असताना लगेच पेटवू नका, अर्धा तास निवू द्या. यूपीएसवर फक्त कॉम्प्युटर ठेवून लॅम्प आणि हीटर थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये, अशी मांडणी बऱ्याच ठिकाणी असते, आपली कशी आहे ते फिल्मच्या मधोमध लाइट गेल्यावर शोधू नका.

५. डाय

मायटोट्रॅकर ग्रीनच्या ५० मायक्रोग्रॅमच्या व्हायलमध्ये साधारण ७४ मायक्रोलिटर डीएमएसओ (डाय विरघळवायचं द्रावक) घातलं की १ मिलिमोलर स्टॉक होतो. आपल्याला डिशमध्ये ५० नॅनोमोलर हवंय. दोन टप्प्यांत करा: १ मायक्रोलिटर स्टॉक ९९ मायक्रोलिटर मीडियममध्ये, हे झालं १० मायक्रोमोलर. त्यातलं १० मायक्रोलिटर २ मिली गरम मीडियममध्ये, झालं ५० नॅनोमोलर. डिशमधलं जुनं मीडियम काढून हे घाला.

स्टॉकचा थेंब थेट डिशमध्ये टाकायचा मोह आवरा. डीएमएसओ पाण्यापेक्षा जड, थेंब सरळ तळाला जातो, जिथे पडला तिथल्या सेल्स भाजल्यासारख्या होतात आणि बाकीच्या डिशला काहीच मिळत नाही. मग एकाच डिशमध्ये एक कोपरा झगझगीत, एक काळा, आणि यातून कोणी बायोलॉजी काढायला लागला की मला घाम फुटतो.

२० ते ३० मिनिटं इनक्युबेटरमध्ये, मग ३७ अंशांच्या इमेजिंग मीडियमने हलक्या हाताने दोनदा धुवा. थंड मीडियम नको, सेल्सनाही धक्का बसतो आणि नंतर फोकसही पळतो. शेवटी २ मिली ठेवा, झाकण लावा. १ मिलीत काम भागतं असं वाटतं पण गरम चेंबरमध्ये पाणी उडतं, मीडियम खारट होत जातं आणि सेल्स आकसतात.

सिग्नल कमी वाटला म्हणून डाय दुप्पट करू नका. जास्त मायटोट्रॅकर मायटोकॉन्ड्रिया सोडून बाकीच्या पडद्यांनाही चिकटतो आणि सगळा सायटोप्लाझम धुकट दिसायला लागतो. आणखी एक, मायटोट्रॅकर ग्रीनच्या चमकेवरून मेम्ब्रेन पोटेन्शियलचे (मायटोकॉन्ड्रियाच्या पडद्यावरच्या व्होल्टेजचे) निष्कर्ष काढू नका. त्यासाठी टीएमआरएम हा डाय, तेही २०-५० नॅनोमोलर, आणि सोबत एफसीसीपी (ते व्होल्टेज पाडणारं केमिकल) घालून सिग्नल पडतो का ते दाखवणारी कंट्रोल डिश. तसंच, नंतर सेल्स फिक्स करायच्या असतील तर ग्रीन फारसा टिकत नाही, मायटोट्रॅकर रेड सीएमएक्सरॉस घ्या.

तपासा: एक डिश बिनडायची हवीच. त्याच एक्स्पोजरला तिच्यात काय दिसतं ते तुमच्या सेल्सचं स्वतःचं चमकणं. दोन रंग असतील तर एकेकाच डायच्या डिशही हव्यात, नाहीतर एका रंगाचा दुसऱ्या चॅनेलमध्ये पाझर येतो आणि दोन गोष्टी 'एकाच जागी आहेत' असं वाटून लोक खूश होतात.

६. फोकस, फ्लुरोसन्स बंद ठेवून

हा टप्पा दोनदा वाचा. सेल्स शोधायला फ्लुरोसन्स वापरायचा नाही. नाहीच.

का ते हिशोबानेच सांगते. आपली फिल्म १२० फ्रेम, प्रत्येक १०० मिलिसेकंद, म्हणजे एकूण १२ सेकंद प्रकाश, तोही एलईडी ५ टक्क्यांवर. पूर्ण प्रकाशात मोजलं तर साधारण ०.६ सेकंद. आता तुम्ही आयपीसला डोळा लावून १०० टक्क्यांवर "हा सेल बरा आहे का, जरा फोकस करू" म्हणत एकच मिनिट घालवलं, तर ६० सेकंद. म्हणजे त्या सेलला अख्ख्या फिल्मच्या शंभरपट मार फिल्म सुरू व्हायच्या आधीच बसला. आणि मग म्हणायचं, मी तर फक्त ५ टक्के लाइट वापरला.

तर करायचं असं. तेलाचा एकच थेंब, बुडबुडा नसलेला. दोन कंपन्यांची तेलं मिसळू नका. डिश घट्ट बसवा, हलती नको. लेन्स हळूहळू वर, तेल काचेला लागलं की कळतं. मग फ्लुरोसन्सचा शटर बंद आहे याची खात्री करून ब्राइटफील्डचा मंद दिवा लावा आणि स्क्रीनवर बघा. चपट्या पसरलेल्या, न्यूक्लियसची कड स्वच्छ दिसणाऱ्या सेल्स निवडा. गोल, फुगे आलेल्या, पोकळ्या दिसणाऱ्या सेल्स सोडा. जीएफपीचा (हिरव्या चमकणाऱ्या प्रोटीनचा) प्लाझ्मिड, म्हणजे ते बनवणारा डीएनएचा तुकडा, घातलेला असेल तर सगळ्यात चमकणारी सेल निवडायचा मोह होतो, तीच बहुतेक वेळा सगळ्यात बिघडलेली असते, प्रोटीन बेसुमार झालेलं असतं. मध्यम किंवा मंद घ्या.

ब्राइटफील्डचा फोकस आणि हिरव्याचा फोकस तंतोतंत एक नसतो, एखाद-दुसऱ्या मायक्रॉनचा फरक येतो. तो मोजायला डिशच्या कडेची एक जागा बळीचा बकरा म्हणून ठरवा. तिथे हवा तेवढा प्रकाश मारा, फरक किती ते लिहून घ्या, आणि खऱ्या सेल्सवर ब्राइटफील्डमध्ये फोकस करून तेवढा आकडा सरकवा.

७. एक्स्पोजर (हेही बकऱ्यावरच)

एलईडी ५ टक्के, एक्स्पोजर १०० मिलिसेकंद, एक स्नॅप. लाइव्ह (सतत चालू चित्र) नाही, स्नॅप (एकच फोटो). चित्र काळं दिसेल. इथे हात लगेच एलईडीच्या स्लायडरकडे जातो, तो मागे घ्या आणि डिस्प्लेचा कॉन्ट्रास्ट ऑटोवर टाका. काळा असतो तो स्क्रीन, डेटा नाही. माउस बॅकग्राउंडवर नेऊन आकडा वाचा, मग मायटोकॉन्ड्रियावर. बॅकग्राउंड १२० आणि मायटोकॉन्ड्रिया ५००-६०० असतील तर मोजमापाला भरपूर झालं, जर्नलच्या कव्हरवर जाण्याइतकं चकचकीत नसेल, नसू दे. १२ बिटच्या कॅमेऱ्यात ४०९५ ला आणि १६ बिटच्यात ६५५३५ ला आकडा टेकला तर मात्र ते पिक्सेल वाया गेले.

तरी कमी पडत असेल तर आधी बिनिंग २x२ (चार पिक्सेलचा एक मोठा पिक्सेल) करून बघा. किंमत काय ते ठाऊक असू द्या: हिरव्या प्रकाशात १.४ एनएच्या (एनए म्हणजे लेन्स किती रुंद कोनातला प्रकाश गोळा करते त्याचा आकडा) लेन्सची फोड, म्हणजे दोन ठिपके वेगळे दिसायचं किमान अंतर, साधारण १८० नॅनोमीटर, ती पूर्ण वापरायला ९० नॅनोमीटरच्या आतबाहेरचा पिक्सेल हवा. ६.५ मायक्रॉन पिक्सेलच्या कॅमेऱ्याला ६०x वर १०८ मिळतो, बिनिंग केल्यावर २१७. मायटोकॉन्ड्रिया कुठून कुठे गेले हे कळायला चालतं, दोघे चिकटलेत की फक्त शेजारी आहेत हे ठरवायला चालत नाही.

आता या सेटिंगने बकऱ्यावर पूर्ण १२० फ्रेमची फिल्म घ्या. हो, पूर्ण. कंटाळा येतो, पण १० मिनिटांचंच काम आहे. पहिली आणि शेवटची फ्रेम शेजारी ठेवा. पहिल्या फ्रेममध्ये मायटोकॉन्ड्रिया शेवयांसारखे दिसले पाहिजेत, लांब, वळलेले, एकमेकांत गुंतलेले. शेवटच्या फ्रेममध्ये शेवयांचा साबुदाणा झाला असेल, म्हणजे सुटे सुटे गोल दाणे, तर तुमचा प्रकाश सेल मारतोय. चमक थोडी कमी झाली पण शेवया शेवयाच राहिल्या तर चालेल. लोक उलटं बघतात, चमक टिकली की खूश, पण डाय विझायच्या कितीतरी आधी सेल बिघडू शकते.

साबुदाणा दिसला तर एलईडी निम्मा करा, किंवा फ्रेममधलं अंतर दुप्पट, आणि दुसऱ्या बकऱ्यावर परत.

८. फिल्म

डिश स्टेजवर ठेवल्यापासून निदान १५ मिनिटं हात लावू नका, सगळं एका तापमानाला येऊ दे. परफेक्ट फोकस, डेफिनिट फोकस किंवा तसलं काही (फोकस आपोआप धरून ठेवणारं) मायक्रोस्कोपला असेल तर चालू करा, ते काचेवरून परतणाऱ्या इन्फ्रारेडवर चालतं, सेलला फारसा त्रास नाही. सॉफ्टवेअरचा ऑटोफोकस मात्र फ्लुरोसन्समध्ये चालवू नका, तो फोकस शोधायला प्रत्येक वेळी पाच-दहा फोटो काढतो आणि त्याचा प्रकाश तुमच्या हिशोबात कुठेच नसतो.

झेड-स्टॅकचंही (वेगवेगळ्या खोलीवर एकामागून एक फोटो घेण्याचंही) तेच, ५ प्लेन म्हणजे पाचपट प्रकाश. चपट्या हीलासाठी एक प्लेन बहुतेकदा पुरतं.

तपासा, बटण दाबायच्या आधी: लाइव्ह बंद आहे? फ्रेम घेत नसताना एलईडी खरंच विझतो? लेन्सच्या बाजूला पांढरा कागद धरून बघा, दर ५ सेकंदाला निळी झलक दिसून गेली पाहिजे. कागद सतत निळा असेल तर शटर उघडा राहिलाय. डोळा थेट लावू नका, कागदच. डिस्कमध्ये जागा आहे? मोबाइल टेबलवरनं उचललात?

९. फिल्म संपली, डिश काढू नका

दोन-तीन फील्ड (फील्ड म्हणजे एका वेळी दिसणारं क्षेत्र) बाजूला सरका, जिथे अजून अजिबात प्रकाश पडलेला नाही, ब्राइटफील्डमध्ये फोकस करा आणि त्याच सेटिंगवर एक फ्रेम घ्या. या एका फ्रेममुळे किती भांडणं मिटतात सांगू. तिथे शेवया आणि तुमच्या फील्डमध्ये साबुदाणा, तर दोष प्रकाशाचा, टप्पा ६ आणि ७ परत. दोन्हीकडे साबुदाणा, तर प्रकाशाला दोष देऊन उपयोग नाही, तापमान, पीएच, डायचं प्रमाण बघा, डमी डिशचा रंगही बघा. औषध घालून परिणाम बघायचा असेल तर ही फ्रेम नसेल तर मी तरी तो डेटा मानत नाही, औषध नसलेल्या डिशलाही तेवढाच प्रकाश द्या आणि मग तुलना करा.

फाईल कंपनीच्या मूळ फॉरमॅटमध्येच ठेवा, एक्स्पोजर, लेन्स, वेळ सगळं त्यातच असतं. प्रेझेंटेशनसाठी टिफ किंवा फिल्म वेगळी काढा. जेपेगवर मोजमाप करायचं नाही. फिजी या फुकट इमेज सॉफ्टवेअरमध्ये कॉन्ट्रास्ट बदलताना 'अप्लाय' दाबू नका, त्याने आकडेच बदलतात, आणि दोन डिशची तुलना दाखवताना दोघींना एकच मिनिमम-मॅक्सिमम द्या.

१०. आवरणं

लेन्स खाली घ्या, मग डिश काढा. तेल लागलेली डिश तशीच ठेवून ४०x ड्राय लेन्स फिरवायची नाही, तेल तिच्या तोंडाला लागतं आणि पुढच्या माणसाला आठवडाभर सगळं धुकट दिसतं. लेन्स पेपर टेकवून तेल शोषून घ्या, मग नवा पेपर एकाच दिशेने ओढा. घासू नका, टिश्यू पेपर तर नाहीच.

हीलामध्ये एचपीव्ही-१८ या व्हायरसचा डीएनए आहे, त्या बीएसएल-२ (जैवसुरक्षेची दुसरी पातळी) मध्ये येतात, त्यामुळे डिश साध्या डस्टबिनमध्ये नाही. ज्या ग्लव्हजनी डिश धरली त्यांनी माउस-कीबोर्डला हात लावू नका, तिथे पुढचा माणूस उघड्या हाताने बसणार आहे.

पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणाकडे, काम झाल्यावर एसी बंद करून कव्हर घालून निघून गेलं की लेन्सवर बुरशी यायला वेळ लागत नाही. डीह्युमिडिफायर चालू ठेवा, कव्हरखाली सिलिकाच्या पुड्या ठेवा आणि गुलाबी झाल्या की ओव्हनमध्ये वाळवून परत निळ्या करून घ्या. मग लॉगबुकमध्ये लॅम्पचे तास, डिशमधलं खरं तापमान आणि आजचं एलईडी-एक्स्पोजर लिहा, पुढच्या वेळी टप्पा ७ अर्ध्या वेळात होतो.